कुठला गुडघा

१२ जानेवारी

ताई,

तुझा निरोप मालकांच्या फोनवर आला. त्यांनी तो मला गोदामाच्या दारातच उभ्या उभ्या वाचून दाखवला, बगलेत फरशीचा नमुना तसाच. ‘वर्धापनदिनाच्या शोला येऊ शकते. राणीसरकारशी माझी मॅच लावा. धाकटीला विचारा.’ इतक्या वर्षांनी धाकटीला काही विचारायचं, तर तेही फरशीवाल्यामार्फत. असो. विचारलंस, तर सांगते. नाही.

पत्र फाडू नकोस, पुढे वाच. फोनवर मी तुझ्याशी भांडेन, म्हणून लिहायला बसले आहे.

तू तिकडे मोठ्या रिंगमध्ये खेळायला गेल्यानंतर इथे काय काय झालं ते तुला ठाऊक नसणार. शो अजून मालकांच्या त्याच गोदामात होतात. आठवडाभर फरश्या, शनिवारी कुस्ती. रिंग तीच, खालच्या फळ्या तेवढ्या बदलल्या. दारावर आई बसते. तिकिटं फाडते, आणि मागच्या खेपेला ज्याने खुर्ची मोडली त्याला बरोबर ओळखून भिंतीकडेला पाठवते. रेफरी अजून सरच. शाळेतून निवृत्त झाले, पण शिट्टी गळ्यातून उतरलेली नाही. मी स्वतः आता रिंगमध्ये उतरत नाही. मी गोष्टी लिहिते. आपल्या कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो हे तुला सांगायला नको, पण तो कुणीतरी ठरवावा लागतो. कोण कुणाला दगा देणार, कोण किती महिने हरणार आणि कधी जिंकणार, हे हल्ली मी ठरवते. मालक मला लेखिकाबाई म्हणतात. कौतुकाने म्हणत नाहीत.

राणीसरकार कोण, ते तू व्हिडिओत पाहिलंसच. खुर्चीत बसून येते, खुर्ची दोघे उचलतात, हरलेल्यांच्या अंगावर पाय पुसते. तिला इथे आजवर कुणी हरवलेलं नाही. प्रत्यक्षात ती एका दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे आणि इतकं हळू बोलते की चहा हवा का हेही दोनदा विचारायला लावते. मॅच झाली की समोरचीला आधी ‘आ’ करायला सांगून दात तपासते.

पण तुला शिफ्टवाली ठाऊक नाही, आणि सगळा प्रश्न तिचाच आहे. माझ्याच वयाची. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या इस्त्रीच्या यंत्रावर काम करते. पहिल्या शनिवारी तिला कपडे बदलायलाही वेळ मिळाला नाही, निळ्या गणवेशातच धावत रिंगमध्ये चढली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तेच धरून ठेवलं. कामावरून पळत येणारी, कायम उशीर होणारी, दर वेळी हरणारी बाई. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी ती पडली की गप्प व्हायला लागले. आता सरांनी तीन मोजायच्या आत ती खांदा उचलते तेव्हा गोदामातल्या बायका आपापला खांदा उचलतात, आणि त्यांना ते कळतही नाही.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, वर्धापनदिनानंतर लगेच. डॉक्टरांनी सांगितलं आहे, त्यानंतर रिंग बंद. म्हणजे तिची शेवटची मॅच त्या दिवशी. त्या मॅचमध्ये ती राणीसरकारला हरवणार आहे. पहिला आणि शेवटचा विजय. दोन वर्षं मी त्याच एका संध्याकाळसाठी एकेक वीट रचते आहे, आणि तू नेमकी तीच जागा मागते आहेस.

आई विचारत होती, तिकडे तुला झोप नीट लागते का. मी म्हटलं, मला काय ठाऊक. तर म्हणाली, “तुला सगळं ठाऊक असतं, सांगत नाहीस.”

धाकटी

२ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. अक्षर अजून तसंच, घाईने पळून जाणारं. ‘चांगल्यातल्या चांगल्या दोघी समोरासमोर आणायच्या आणि आपण बाजूला व्हायचं, एवढंच काम असतं. बाकी सगळा मीठमसाला. लोकांना ड्रीम मॅच हवी असते, तुझी रडारड नव्हे.’

तुझ्या त्या तिकडच्या मोठ्या मॅचबद्दल बोलू या का? जिची एवढी चर्चा झाली ती. मी पाहिली. (हो, पाहते मी. बहुतेक सगळ्या पाहते.) आई शेजारी बसून मटार सोलत होती, तिनेही पाहिली. काय सुंदर खेळलात तुम्ही. कुठे पाय घसरला नाही, कुठे श्वास चुकला नाही. दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, “जिंकलं कोण गं?” आणि आम्हा दोघींनाही आठवेना. आई म्हणाली, “दोघी छान होत्या, आणि दोघींचं एकमेकींशी काही वाकडं नव्हतं, मग आठवायचं काय?”

माझं म्हणणं तिने मटार सोलता सोलता सांगून टाकलं.

तुझ्या मनात येईल, हिच्या पोटात जुनं दुखणं आहे. आहे थोडं. आपल्या दोघींची गोष्ट वर्षभर चालली होती. मोठी बहीण धाकटीला सोडून शत्रूला जाऊन मिळते, आणि शेवटी धाकटी तिला हरवते. निघणाऱ्याने हरून निघायचं, मागे राहणाऱ्याला काहीतरी देऊन जायचं, हा आपल्या धंद्यातला सगळ्यात जुना नियम. तुला तिकडचं बोलावणं आलं आणि तू शेवटच्या मॅचच्या आधीच विमानात बसलीस. मालकांनी लोकांना सांगितलं, मोठीला ताप आला. मी रिंगमध्ये उभी होते. लोक मला धीर द्यायला टाळ्या वाजवत होते आणि मला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

झालं, लिहून टाकलं. आता ते तिथेच राहू दे. त्यामुळे मी रिंगबाहेर आले, आणि बाहेर आल्यावर मला कळलं की मला लिहायला जास्त आवडतं. हे खरं आहे, तुला बरं वाटावं म्हणून नाही लिहीत. शनिवारी खुर्च्या मांडून झाल्या की मी रिंगच्या कडेला बसून डबा खाते, तेव्हा माझ्याइतकी सुखी बाई त्या गल्लीत नसते.

मालक मात्र सुखी नाहीत. त्यांनी तुझ्या पोस्टरसाठी भिंत मोजून ठेवली आहे. काल माझ्यामागे मागे हिंडत होते.

“अहो लेखिकाबाई, शिफ्टवाली मलाही आवडते. पण तिच्यासाठी चार गावांहून कुणी येणार आहे का?”

“चार गावांहून नाही येणार. शेजारच्या गल्लीतून येतील, आणि दर शनिवारी येतील.”

“गल्लीने गोदाम भरत नाही हो.”

आई दारातून म्हणाली, “गोदाम फरश्यांनी भरलंय मालक. आधी माणसांना जागा करा.”

तुझ्या त्या मॅचमधली एक गोष्ट सांगायची राहिली. उडी मारायच्या आधी तू क्षणभर थांबलीस. लोकांना वाटलं असेल, रुबाब करते आहे. तू समोरचीचा हात नीट बाजूला गेला आहे का ते पाहत होतीस. ती जागा मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिली.

माझं उत्तर अजूनही ‘नाही’ हेच आहे.

धाकटी

२४ फेब्रुवारी

ताई,

माझी दोन वर्षं एका क्रीडा मंडळाच्या हॉलमध्ये सांडली. हसू नकोस. खरं तर हस, आई हसते आहे.

झालं असं. अधूनमधून आम्ही बाहेरगावी छोटे शो करतो. हा एका मंडळाच्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये होता. जाळी गुंडाळून कोपऱ्यात उभी, पन्नास-साठ माणसं. शिफ्टवाली विरुद्ध राणीसरकार, साधीच मॅच. नेहमीसारखं शिफ्टवालीने हरायचं. दोघी तिथे एकाच गाडीने गेल्या होत्या. एरवीही त्या एकत्रच येतात, पण वैरिणी एकत्र दिसायला नकोत म्हणून राणीसरकार एक वळण आधी उतरते आणि चालत येते. पायात त्या उंच टाचा, हातात शिफ्टवालीचाही डबा.

ठरलं होतं ते असं: शिफ्टवाली दोरावरून तिच्या अंगावर पडेल, सर दोन मोजतील, राणीसरकार खांदा उचलेल. मग पुढे राणीसरकार जिंकेल. शिफ्टवाली पडली. पण गुडघा वाचवायला तिने अंग जरा वळवलं आणि सगळा भार राणीसरकारच्या पोटावर आला. तिचा श्वासच निघून गेला. काही लागलं नाही, देवाची कृपा, नुसता श्वास. पण श्वास नसलेल्या माणसाला खांदा उचलता येत नाही.

आता सर कसे आहेत तुला माहीत आहे. ‘खांदा खाली दिसला तर मी मोजणार. मी खोटं मोजलं तर उद्या तुमचं खरंही कुणी मानणार नाही.’ तू इथे असताना आपण या वाक्याची नक्कल करायचो. सरांनी एक मोजलं, दोन मोजलं. शिफ्टवालीने हळूच राणीसरकारचा हात दाबला, ठीक आहेस ना म्हणून. उलट दाबणं यायला उशीर झाला. ते आलं तेव्हा सरांचा तळहात तिसऱ्यांदा फळीवर पडला होता.

हॉल गप्प. आणि त्या गप्पपणात शिफ्टवाली, जी जिंकली होती, राणीसरकारच्या कानाशी वाकून म्हणाली, “सॉरी गं.” तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

आधी कुणीतरी हसलं. मग एक बाई उभी राहिली, कडेवर झोपलेलं पोर, त्यामुळे टाळी वाजवता येईना, म्हणून ती नुसती पाय आपटत राहिली. मग सगळेच. सरांनी शिफ्टवालीचा हात वर केला. तिने तो वर पाहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

कपडे बदलायच्या खोलीत राणीसरकार रडत होती, श्वास परत आल्या आल्या पहिलं काम तेच. “मी सगळं घालवलं, मी सगळं घालवलं.” मालकांनी क्षणात तोडगा काढला. बाहेरगावचं मोजायचं नाही. तिथे कुणी नीट व्हिडिओ घेतला नव्हता, आपल्या गल्लीत कुणाला कळणार? वर्धापनदिनाला ठरल्याप्रमाणे पुन्हा जिंकायचं, पहिल्यांदाच जिंकल्यासारखं. मी म्हटलं, अगदी बरोबर. जिवात जीव आला माझा.

बाकी पुढच्या पत्रात. इस्त्रीचे कपडे आणायचे आहेत.

धाकटी

१ मार्च

ताई,

इस्त्रीचे कपडे वगैरे काही नव्हतं. पुढचं लिहायला मन धजत नव्हतं.

त्या खोलीत मालक बोलले, मी बोलले, आणि शिफ्टवाली बाकावर बसून गुडघ्याची पट्टी सोडत होती. पट्टी पूर्ण गुंडाळून झाल्यावर म्हणाली, “मी नाही पुन्हा जिंकणार.”

मला वाटलं, दमली आहे. म्हटलं, “अगं, त्या दिवशी सगळं गोदाम असेल. तुझ्यासाठीच तर एवढं रचलं.”

“ठाऊक आहे. पण ती बाई पाय आपटत होती. तिने पाहिलं ते खोटं होतं म्हणून सांगू का तिला?”

“खोटं नाही, चुकून झालं.”

“चुकून का होईना, झालं ना? मग झालं ते झालं. एकदाच जिंकायचं होतं, जिंकले.” मग पट्टी पिशवीत टाकत म्हणाली, “रागावू नकोस हं. मला बिचारी व्हायचा कंटाळा आलाय.”

मी तिच्या शेजारी बाकावर बसले.

“दोन वर्षं लोक येतात, पाठीवर हात ठेवतात. बाई, किती सोसता. धुलाईखान्यात मुकादम म्हणतो, कधी जिंकणार तुम्ही, आमचा जीव तुटतो. छान वाटतं गं. तू छानच लिहितेस. पण मी खेळते कशी, ते कुणी विचारत नाही. वर्धापनदिनालाही तेच होईल. सगळे रडतील, आणि मी घरी जाईन.”

“मग तुला हवंय काय?”

“तुझी ताई येऊ म्हणतेय ना? तिच्याशी लाव माझी मॅच. आगापिछा काही नको, गोष्ट नको. नुसती मॅच.”

ताई, मला राग आला होता, आणि तो पाच-सहा दिवस टिकला. भांडी घासताना, खुर्च्या पुसताना मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. आईने शेवटी माझ्या हातातून भांडं काढून घेतलं. म्हणाली, “तुझी गोष्ट संपली म्हणून रागावलीस, की तिची तुझ्याशिवाय संपली म्हणून?” आईला उत्तरं नको असतात. ती भांडं विसळून पालथं घालून निघून गेली.

राग उतरल्यावर पाहते तर खाली जड असं काही नव्हतंच. हलकंच वाटलं. म्हणून आता मी विचारते आहे, आणि मालकांमार्फत नाही. ये. राणीसरकारशी नव्हे, शिफ्टवालीशी खेळायला ये.

धाकटी

१३ मार्च

ताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ‘मी तिला ओळखत नाही. दोन वर्षं हरणाऱ्या बाईशी मॅच लावून त्याला ड्रीम मॅच म्हणायचं? स्वप्न दोघींनी पाहावं लागतं, धाकटे. मी दया म्हणून खेळत नाही.’

शिफ्टवालीने विचारलं, ताईचं काय आलं. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने कुठेही न थांबता वाचलं आणि म्हणाली, “बरोबर आहे तिचं. मीही दया म्हणून खेळत नाही.”

दयेचं सोड. तू आपल्या कामाची जाणकार आहेस, म्हणून तुला कामाचंच सांगते.

या दोन वर्षांत तिच्या हातून कुणालाही दुखापत झालेली नाही. त्या दिवशी राणीसरकारचा श्वास गेला तेवढाच. नवीन मुली आल्या की त्यांना आधी तिच्याशी खेळवतात, कारण ती उचलते तेव्हा माणसाला आपण हवेत आहोत याची भीती वाटत नाही. ती पडते तेव्हा आवाज आधी येतो आणि अंग नंतर टेकतं, हे कसं करते ते मला एवढ्या जवळून पाहूनही कळलेलं नाही. राणीसरकारला तू व्हिडिओत पाहिलंस आणि तुला वाटलं, काय जबरदस्त आहे ही, हिच्याशी खेळायला हवं. ते व्हिडिओ पुन्हा लाव. या वेळी राणीसरकारकडे पाहू नकोस. जिला ती फेकते आहे तिच्याकडे पाहा. फेकल्यासारखं दिसावं म्हणून जमिनीला पाय मारून उसळी कोण घेतं, वेळ कोण सांभाळतं, राणीसरकारचा तोल गेला तेव्हा तिला पदराआड घ्यावं तसं कोण झाकून घेतं, ते पाहा.

तुझ्या मोठ्या मॅचमध्ये दोघी उठून दिसायला धडपडत होत्या. ही समोरचीला उठून दिसू देते. तू अशा बाईशी कधी खेळली आहेस का? मला तरी आठवत नाही.

हे सगळं मला फार आधी लिहिता आलं असतं, रिंगमधल्या गोष्टीत. मी तिचा उशीर लिहीत बसले. तो लिहायला सोपा होता.

तुला यायचं नसेल तर नको येऊस. त्या दिवशी आम्ही दुसरं काहीतरी करू. मालक दोन दिवस जेवणार नाहीत, मग जेवतील.

धाकटी

२६ मार्च

ताई,

आज पाकीट उघडलं. आत एवढ्या मोठ्या कोऱ्या कागदावर दोनच शब्द. ‘कुठला गुडघा?’

मी ते आईला दाखवलं. आईने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला आणि माळ्यावरची जाड गादी काढायला सांगितली, उन्हात घालायला.

डावा. आतल्या बाजूने. उजवीकडून उचललंस तर काही होत नाही. डाव्या पायावर उतरायला लावू नकोस.

शिफ्टवालीला सांगितलं तर तिने हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाली, “तिने व्हिडिओ पाहिले.” आणि कामाला निघून गेली. अर्ध्या वाटेवरून परत आली, डबा इथेच राहिला होता.

धाकटी

१६ एप्रिल

ताई,

तू पोहोचल्याचा फोन आईला आला, मला आला नाही. म्हणून मीच लिहिते. तुझा टॉवेल इथे राहिला आहे. आईने तो धुऊन घडी करून ठेवला आहे आणि कुणाला हात लावू देत नाही.

त्या संध्याकाळचं तुला मी काय सांगणार, तू आत होतीस. पण आत असणाऱ्याला बाहेरचं दिसत नाही, म्हणून तेवढं लिहिते.

दुपारी तू मला विचारलंस, शेवट काय. मी म्हटलं, लिहिलेला नाही, तिला विचार. तू शिफ्टवालीकडे वळलीस, आणि ती बुटाची नाडी आवळत सहज म्हणाली, “मी हरणार. मी निघतेय ना.” तिला आपल्या दोघींचं काही माहीत नव्हतं, मी कधी सांगितलेलं नाही. ती नियम पाळत होती, एवढंच. तुझ्याही नाड्या बांधलेल्या होत्या, त्या तू सोडून पुन्हा बांधल्यास. मी पाहिलं. तुला वाटलं, मी पाणी भरते आहे.

मॅच सुरू झाली तेव्हा लोक तुझ्यासाठी आलेले होते, हे खरं आहे. चार गावांहून आले, मालकांचं म्हणणं खरं ठरलं. आपल्या गल्लीतले लोक मात्र नेहमीसारखे शिफ्टवालीसाठी हळहळायला तयार बसले होते. आणि तू पहिल्याच मिनिटाला तिच्या छातीवर ती चापट मारलीस. ताई, तो आवाज दाराबाहेर गेला. आई तिकिटांची पेटी तशीच टाकून आत आली. माझ्या शेजारची बाई ‘अगं आई गं’ म्हणून डोळे झाकून बसली.

शिफ्टवालीने खाली पाहिलं, स्वतःच्या छातीकडे. मग मान वर केली आणि तुला तशीच एक दिली.

तू हसलीस. पोस्टरवरचं नव्हे, लहानपणी अंगणात हसायचीस ते.

तिथून पुढे गोदामातलं कुणी हळहळलं नाही. कुणाला सवडच नव्हती. एकदा तू तिला उचललंस आणि हवेत असताना तिने तुझ्या खांद्यावर दोन बोटं टेकली, वेळ सांगायला. तू तिच्या वेळेने गेलीस. तू, जिने आयुष्यात कुणाच्या वेळेने काही केलं नाही. मी वहीपेन्सिल काही घेऊन बसले नव्हते. कुठे काय बदलावं असं एकदाही मनात आलं नाही, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच झालं. शिफ्टवाली खाली पडलेली आणि सरांनी तीन मोजले तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, तर मी बाकावर उभी होते. राणीसरकार माझ्या शेजारी उभी राहून ओरडत होती, तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “ही निळी कोण हो? कुठे असते?” त्यांना तिची दोन वर्षं काहीच ठाऊक नव्हती. आई मागे वळून म्हणाली, “आमचीच आहे.”

निघताना गाडीत बसता बसता तू म्हणालीस, “आपली राहिलीच गं धाकटे.” मी नुसती हसले, कारण गाडी सुटत होती. आता सांगते. राहू दे. माझा खांदा आता फक्त पिशव्या उचलण्यापुरता आहे, आणि तुझ्याशी बोलायला मला रिंग लागत नाही, हे या तीन महिन्यांत कळलं. तू मात्र लिहीत जा. दोन शब्दांहून थोडं जास्त चालेल.

काल मी शिफ्टवालीला भेटायला धुलाईखान्यात गेले होते. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, ती निवांत आहे. यंत्र बंद करून ती मला वाफेतून बाहेर घेऊन आली. तिथे चादरी मोजणाऱ्या बाया बसल्या होत्या. गणवेशाचं वरचं बटण सोडून तिने गळ्याखालचा वळ त्यांना दाखवला. आधीही दाखवला असणार, कारण एक म्हणाली, “पाहिला गं बाई, सकाळपासून पाहतोय.” तुझी बोटं स्पष्ट मोजता येतात. कडेने पिवळा पडायला लागला आहे.

राणीसरकारने डॉक्टरकडून मलम आणून दिलं होतं, तेच मी घेऊन गेले होते. म्हटलं, दोन वेळा लाव, चार दिवसांत डाग राहणार नाही.

तिने नळी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि बटण लावलं.

“असू दे,” म्हणाली. “इतक्यात नको जायला.”

धाकटी